धूर कोणाच्या घरचा

निवृत्तीनंतर दर रविवारी मी इथे हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, मानिक चौकाजवळच्या एका हॉलमध्ये पोरांना हवा मोजायची यंत्रं बनवायला शिकवतो. काडेपेटीएवढा सेन्सर, त्यात इवलासा पंखा. तो हवा आत ओढतो आणि उजेडाच्या झोतातले कण मोजले जातात. एरवी डोळ्यांना न दिसणारी धूळ पडद्यावर आलेख काढते, याचं मला अजून नवल वाटतं.

खरं सांगायचं तर यात माझा स्वार्थ होता. बायकोचा संध्याकाळचा खोकला हटत नव्हता आणि त्याचं खापर मी मागच्या गल्लीतल्या हलवायाच्या कोळशाच्या भट्टीवर फोडलं होतं. भट्टी बंद करा म्हणून नगर निगमला द्यायचा अर्ज तयार होता, फक्त आकडे जोडायचे होते. पंचाईत एवढीच, की त्या भट्टीवर जगणाऱ्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि सगळ्यांत हुशार. अर्जाचं तिला कळलं होतं. गल्लीत काय लपतं?

मला वाटलं, आता ती येणार नाही. ती आली आणि म्हणाली, "सर जी, एक मशीन भट्ठी पे, एक आपके घर. लेकिन पहले दोनों को साथ रखेंगे. आपने ही सिखाया है."

हे माझंच पालुपद. दोन यंत्रं आधी शेजारी ठेवायची, सारखेच आकडे दाखवतात का बघायचं, मगच वेगळी करायची. दोन दिवस दोन्ही यंत्रं माझ्या टेबलावर होती. आकडे छान जुळले, मग एक भट्टीवर गेलं, एक आमच्या बैठकीत.

आठवड्याने वर्गात आलेख उघडले. भट्टीचा सकाळी चढलेला, दुपारी ती विझली की उतरलेला. आमच्या बैठकीतला मात्र रोज दिवेलागणीला डोंगराएवढा.

"शाम को तो हमारी भट्ठी ठंडी रहती है, सर जी. आपके यहाँ उस टाइम क्या होता है?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्या वेळी मी धूप फिरवतो. गोवरीचा निखारा, वर गुग्गुळ आणि राळ, डास येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद. आई करायची, हवा शुद्ध होते म्हणायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर मीच. अर्ज तिच्यासमोर फाडला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सासूबाई गेल्यापासून धूप फिरवतानाच काय ते तुम्ही शांत दिसता. म्हटलं, खोकला काय, सोसता येतो."