श्वास सोडून घेतलेली मापे

वैशालीचा फोन आला तेव्हा मी उद्याच्या चाचणीसाठी वहीवर रेघा आखत होतो. "सर, आबा गेलं," एवढेच ती म्हणाली... फवारणीचा पंप पाठीवर अडकवायचा आमचा तिसरा सांगाडा दुसऱ्या दिवशी तिच्याच पाठीवर चढवून पाहायचा होता.

आबा, म्हणजे तिचे आजोबा, लोणी देवकरच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन इंदापूरजवळ स्वतःच्या शेडमध्ये वेल्डिंग करीत. मी बारामतीत संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो. लिहायला मात्र आत्ता, सत्तरीत, धजावतो आहे. वैशाली डाळिंबाच्या बागेत पाठीवरच्या पंपाने फवारणी करी आणि तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठत. "ह्यो पंप कुणाच्या पाठीवर बेतलाय, कुणास ठावं. आपल्या पोरांच्या पाठी मोजू," आबा म्हणाले, आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत उत्साहाचे वर्ष सुरू झाले.

गावातल्या विशीच्या मुलामुलींची मापे आम्ही शेडमध्ये घेतली. मुलींची वैशाली घेई, मुलांची आबा. मी खाली मान घालून आकडे लिहीत असे. त्यांवरून आबांनी पंपासाठी दोन सांगाडे जोडले, पण दोन्हींची कमरपट्टी कमरेखाली लोंबे आणि सारे ओझे पुन्हा खांद्यांवर येई. मी सरासरी तीनदा पडताळली. चूक माझीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. एके दुपारी आबा माप घेता घेता हसू लागले. "सर, तुमचं आकडं बरोबर हायेत. पोरं खोटी हायेत. टेप दिसला की भरतीला उभी ऱ्हात्यात."

खरेच होते. पोलीस भरतीची तयारी करणारी ती मुले टेप पाहताच श्वास कोंडून, पाठ ताणून उभी राहत.

"अन् तू गं?"

"मला बी फॉर्म भरायचाय की, आबा," वैशाली म्हणाली.

मग प्रत्येकाला भरला पंप देऊन बागेच्या दोन ओळी चालवले आणि दमलेल्या पाठी मोजल्या. "ही भरती न्हाय. श्वास सोडा," आबा ओरडत. जुन्या-नव्या आकड्यांतला फरक पट्टी जितकी लोंबे तितकाच निघाला तेव्हा मी वही घेऊन शेडपर्यंत अक्षरशः धावलो होतो.

दहाव्यानंतर वैशालीने आबांनी नव्या मापांवर जोडून ठेवलेला तिसरा सांगाडा चढवला. बागेच्या टोकापर्यंत फवारत गेली, परतली, पंप उतरवून खांदे चाचपले.

"वळ न्हाय, सर."

परवा शेजारच्या गावची चार मुले मापे द्यायला आली. आबांचा टेप खिळ्यावरच होता. तो काढताच चौघांच्याही छात्या फुगल्या. शेडमध्ये कुणी ओरडले नाही...

"श्वास सोडा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेले नसावे.

मग मोठ्याने म्हणालो.