एका माणसाच्या तीन फाइली

प्रेमिलाबाईंचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला आणि त्याच्या जागी त्या आमच्या कंपनीत लागल्या. मी सांगतोय तेव्हा त्याला वीस वर्षं झाली होती. आधी माहितीची कार्डं भोकं पाडून पंच केली, मग नागपूरच्या ऑफिसात युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हा त्यांना त्याच्यासमोर बसवलं. डोळे गेले, मान गेली, काम काही गेलं नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात कामगारांच्या फाइली जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर हलवायच्या होत्या. साहेबांच्या मते हे हमालीचं काम. मशीनला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. बाईंनी आधी चाचणी घेऊन 'ठीक' असा शेरा द्यायचा, मगच त्यांची रजा मंजूर. रजा हवी होती चारुशीलासाठी. वाडीला राहणाऱ्या या एकुलत्या एक लेकीचं पहिलं बाळंतपण अगदी जवळ आलं होतं.

अडलं लिंकपाशी. कामगाराची बदली झाली तरी त्याची फाईल पहिल्या खाणीकडेच राही. नव्या खाणीकडे नुसती लिंक, म्हणजे 'मूळ फाईल तिकडे पाहा' अशी चिठ्ठी. हलवल्यावर चिठ्ठी चिठ्ठीच राहते का, हे पाहायचं होतं. बाईंनी कन्हान खाणीतल्या महादेवरावांची फाईल घेतली, दोन बदल्या झालेली. नव्या डिस्कवर दोन्ही चिठ्ठ्यांच्या जागी अख्ख्या फाइली होऊन बसल्या. बाईंनी चाचणीपुरतं मूळ फाइलीत 'मयत' लिहिलं. बाकी दोन फाइलींत महादेवराव कामावरच.

आठ दिवस आम्ही दोघांनी सगळं उलटसुलट करून पाहिलं, निकाल तोच. शनिवारी मी कंटाळून म्हणालो, 'ठीक' लिहा आणि जा, पुढचं पुढे बघू. मोठा शहाणाच मी.

"माहा नवरा मेला तवा मी आठ महिने फिरली गा," त्या म्हणाल्या. "एका खिडकीत तो मेला होता, दुसऱ्या खिडकीत कामावर. आता मी कोणाले फिरवू?"



त्यांनी शेरा लिहिला: 'लिंक टिकत नाहीत. फाइली हलवू नयेत.' साहेबांनी तो वाचला आणि रजेचा अर्ज परत केला. फाइली हलवायच्याच, आणि चौदाशे लिंक बाईंनी एकेक करून हातानं नव्यानं करायच्या, असं ठरलं.

बुधवारी वाडीहून फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाईंनी डोळे पुसले आणि परत मशीनसमोर बसल्या. मी त्यांच्या हातातून लिंकची यादी घेतली, म्हटलं, नातीकडे जा, उरलेल्या मी करतो. त्यांनी यादी दिली, पण माझ्या पहिल्या पाच लिंक तपासून झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.