माझ्याआधी तिथे कोण पोचलं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बारा वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे... माणसं डोळ्यांदेखत गेलेली पाहिलीत, गेलेलं कुणी परत आलेलं नाही. तरी लिहितोय, कारण परवा घरी आमच्याच कामावरचा एक सिनेमा लागला होता. पेशंट दगावल्यावर हिरो गाडीत बसून ढसाढसा रडतो. बायकोने माझा हात धरला, "किती करतोस रे तू लोकांसाठी!" मी उठून गॅलरीत गेलो. मला माझीच लाज वाटत होती.

मागच्या वर्षीची गोष्ट. भर दुपार. मी आणि ड्रायव्हर सावंतकाका लालबागला चहा पीत होतो. सव्वाबाराला कॉल आला — काळाचौकी, चाळीचा तिसरा मजला, साठीचे गृहस्थ, छातीत दुखतंय. पाच मिनिटांचं अंतर.

"चल रे, निघूया," काका म्हणाले.

"थांबा हो, गॅस असेल. चहा तरी संपू दे."

उशीर झाला की साहेबांना जाब द्यावा लागतो. म्हणून १२.२० ला टपरीवरूनच मोबाइलवर 'पोचलो' दाबलं. हे पहिल्यांदा नव्हतं, तेही सांगून टाकतो.

प्रत्यक्ष वर पोचलो तेव्हा १२.३५ झाले होते. दारात त्यांची बायको. "रे झिला, स्ट्रेचर आणूक एवढो येळ?"

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतायत. आत गृहस्थ निपचित पडलेले, नाडी नाही. मी अर्धा तास छाती दाबली. काही उपयोग झाला नाही.

मग काकी माझ्याजवळ आल्या. "मगाशी बूट दारात काढून इलंस. ह्यांचो हात धरून बसलंस. ते एकटे नाय गेले रे... तुझे उपकार."

मी कॉलवर कधीच बूट काढत नाही. तेवढा वेळच नसतो.

सावंतकाकांनी गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना विचारलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच तर आले ना, एकटेच. पाऊण तास झाला असेल."

'काकी, तो मी नव्हतो,' एवढंच म्हणायचं होतं. मी मान डोलावली. काकींनी हात जोडले, तर तो नमस्कारही चक्क घेतला! नंतर कसंबसं विचारलं, "मी... काही बोललो का त्यांच्याशी?"

"एकच. 'काका, येतोय... येतोय.' ह्यांनी इचारल्यानी सुद्धा, अरे तू इलंस मां, मगे आता कोण येता?"

परत जाऊन काकींना खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. रेकॉर्डवर १२.२० च आहे. त्या वेळी तिथे कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही. मी टपरीवर होतो, आणि चहा पूर्ण संपवूनच उठलो होतो.