पिराजी गुरवाचा शेवटचा कौल

कुरुंदवाडच्या अलीकडच्या त्या गावात पिराजी गुरवाच्या उजव्या हाताला वजन होतं. लगीन ठरवायचं असो की बोअर मारायची, आधी यमाईला कौल लावणार. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्यानं दोन फुलं चिकटवायची आणि बघत बसायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं लावायचा मान गुरवाचा. चाळीस वर्षं पिराजीनं तो इमानानं सांभाळला. घसरला तो एकदाच.

गावपुढारी हंबीररावांची ट्रॉली दर्शनाला गेलेली माणसं घेऊन नृसिंहवाडीहून परतताना पुलावरून नदीत गेली. सात माणसं बुडाली. त्यात पिराजीची नात अवनी, आठ वर्षांची. ट्रॅक्टरवाला ढोसून बसला होता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण तो हंबीररावांचा मेहुणा. मग बोलणार कोण?

सातजणांचा दहावा एकत्रच झाला. प्रवचनाला हंबीररावांनी बाहेरून एक महाराज आणले. त्यांनी घाटावर गळा ताणून सांगितलं, "जिथं दोन पुरुष नवराबायकोसारखे नांदतात, ते गाव नदी गिळणारच!" रोख कुणावर ते शेंबड्या पोरालाही कळलं. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे ऋतुराज आणि उन्मेष सहा वर्षं एका खोलीत राहत होते. पंप जळला की याच गावाला ते देवासारखे आठवत. महाराज आग लावून गाडीत बसले आणि निघूनही गेले.

तासाभरात दुकान फुटलं. उन्मेषला तांब्याच्या तारेनं बांधून फरफटत आणलं. ऋतुराजला केसाला धरून देवळाच्या पायऱ्यांवर आपटलं. दात पडले, डावा डोळा सुजून बंद झाला. ओल्या मुंडणाची माणसं लाथा घालत होती. सगळ्यांत पुढं पिराजीचा मुलगा गुंडू, अवनीचा बाप, हातात वेताची जाड काठी घेऊन.

सुतक फिटलं म्हणून पिराजीनं नुकताच गाभारा उघडला होता. हंबीरराव ओरडले, "कौल लाव पिराजी! ह्यास्नी जिता सोडायचं का न्हाई, आईलाच इचार."

पिराजीच्या हातात दोन फुलं होती. ह्यावेळीही उजवं कोरडं टेकवलं असतं तर ते आधी पडून सोडायचा होकार मिळाला असता. तेवढ्यानं ते दोघे वाचले असते आणि पिराजीचा मानही. पण त्या हाताचीच त्याला किळस आली होती. त्यानं फुलं खाली टाकली आणि उंबऱ्याबाहेर येऊन ऋतुराजच्या अंगावर आडवा झाला.

"बाजूला हो आबा!" गुंडू गरजला. "माझी पोरगी गेली!"

"तुझी पोरगी मी घालवली," पिराजी म्हणाला. "वाडीला जायच्या सकाळी कौल लावलता. डावं पडलं. आई नको म्हणाली. हंबीरराव म्हणालं, माणसं ट्रॉलीत बसल्यात, परत लाव की. मी डावं फूल भिजवून दाबलं, उजवं कोरडंच टेकवलं. उजवं पडलं तवा अवनी दारात टाळ्या वाजवत हुती. 'आज्जा, जायचं, जायचं!' म्हणली."

पिराजीनं मान वळवून गर्दीकडं बघितलं.

"ड्रायव्हर पिलेला तुमी बघितलासा. कौल मी फिरवला. ह्या पोरांनी काय केलं?"

"म्हातारा खुळा झालाय, मारा रं!" हंबीरराव किंचाळले. पण कुणी हललं नाही. हलला तो गुंडू. बापानं फुलं लावायचा हात पुढं केला, आणि गुंडूनं त्याच हातावर काठी घातली. एकदा, दोनदा, हाडं मोडल्याचा आवाज येईपर्यंत. मग काठी टाकून तो खाली बसला आणि गुरासारखा हंबरून रडला. गर्दी माना खाली घालून पांगली. ऋतुराजनं एका डोळ्यानं चाचपडत उन्मेषची तार सोडली. म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं ते त्याच दोघांनी.

ऋतुराजचा डोळा गेला. दुकान पुन्हा उभं राहिलं. पंप तिथंच जातात, माणसं मात्र नजर टाळतात. यमाईला आता कौल लागत नाही. गुंडू बापाशी अजून एक शब्द बोललेला नाही. पण पिराजीच्या बोटांना घास धरवत नाही, म्हणून दोन्ही वेळा त्याला भरवतो तो गुंडूच.