सासूबाईंची नजर आणि व्होल्टचा काटा

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या नजरेखाली नांदलेल्या सुनेला तर विचारूच नका! सूनबाई म्हणजे दिव्यांग मुलांच्या शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशी. व्हॅनला मागे लिफ्ट होती, ती चाकांच्या खुर्चीतल्या सात मुलांना खुर्चीसकट उचलून आत घ्यायची. लिफ्ट चालायची बॅटरीवर, आणि महिनाभरात ती चारदा रुसली. चौथ्या वेळी त्या सातांतली चष्मेवाली छोटी वीस मिनिटं अधांतरी लटकली. पोरगी रडली नाही, मावशीच रडल्या. मग नळावर तोंड धुऊन घरी गेल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

मुख्याध्यापकबाईंनी स्पष्टच सांगितलं, शुक्रवारपर्यंत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर व्हॅन बंद. म्हणजे सातही मुलं घरी.

बॅटरी नवी होती, तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही नवा. तरी गाडी चालवताना समोरचा व्होल्टचा काटा मधेच चौदावरून बारावर घसरायचा, म्हणजे चार्जिंग तुटायचं, आणि पुन्हा वर जायचा. इलेक्ट्रिशियन गॅरेजात उभ्या गाडीला मीटर लावायचा, तेव्हा मात्र चौदा म्हणजे चौदा. काटाच खोटा आहे, कानाडोळा करा, असं त्याचं मत पडलं. मावशींचं डोकं सणकलं. काटा खोटा, तर लिफ्ट कशाला अडकते? काटा नेमका कधी पडतो ते कळल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण रस्ता सोडून काट्याकडे बघत बसणार कोण? शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस हवं होतं, आणि असं माणूस घरात एकच होतं.

बुधवारी दुपारी दोघी रिकामी व्हॅन घेऊन निघाल्या. सासूबाईंनी आधी सुनेच्या क्लचला नावं ठेवली, मग हॉर्नला. पण नजर काट्यावरून हलली नाही. खड्डे झाले, चढ झाला, ब्रेक मारून झाले. मैदानाला तिसरा वळसा घालताना त्या म्हणाल्या, "डावीकडे वळलीस की पडतो. उजवीकडे नाही." मावशींनी मुद्दाम सात वेळा डावीकडे गाडी वळवली. सातही वेळा शेजारून आवाज आला, पडला.

मावशी विचार करू लागल्या. वळताना इंजिन आपल्या रबरी बैठकीवर जरासं कलतं, उभ्या गाडीत ते कलत नाही. मग कलताना ताण कशावर येतो? गॅरेजात इलेक्ट्रिशियन गालात हसला, पण मावशींनी बॉनेट उघडायला लावलंच. इंजिन चालू ठेवलं, सासूबाईंना काट्यासमोर बसवलं आणि एकेक वायर हळूच ओढून पाहिली. चार वायरी ओढल्या, काटा हलला नाही. मग इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली जाड अर्थिंगची पट्टी ओढली.

"पडला," आतून आवाज आला. पट्टी सोडली. "चढला."

इलेक्ट्रिशियनने आ वासला. बॅटरीकडे वीज परत येण्याची वाट तीच, आणि वरून घट्ट दिसणाऱ्या बोल्टखाली नुसता गंज. त्याने जागा घासून लख्ख केली, नवा बोल्ट आवळला. मैदानाला पुन्हा वळसे झाले. सासूबाई गप्प.

"बोला ना, आई."

"काय बोलू? हलतच नाही मेला."

शुक्रवारी मुख्याध्यापकबाईंसमोर लिफ्टने सातही जणांना वर घेतलं आणि खाली सोडलं, कुठेही न अडखळता. व्हॅन राहिली.

सोमवारी सकाळी मावशी बाहेर आल्या, तर सासूबाई मांडीवर पर्स घेऊन पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या. काटा आता पडत नाही, तुम्ही कशाला दगदग करता, असं मावशी हसत म्हणाल्या.

"काट्यासाठी कोण येतंय?" सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "त्या दिवशी डोळे सुजवून आलीस, ते काय मला दिसलं नव्हतं?"

मावशींनी किल्ली फिरवली. काटा चौदावर जाऊन थांबला.