बाजूला काढलेला शेंगदाणा

जगातला कुठलाही प्रश्न मूठभर भाजक्या शेंगदाण्यांत मावतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे एमबीएच्या प्रकल्पासाठी मला लाभलेले मार्गदर्शक सर. सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे, पण हातात खडू क्वचितच दिसे. शर्टाच्या खिशात दाणे मात्र कायम. संशोधनाला कुठली पद्धत लावू, असं कुणी विचारलं की ते टेबलावर दाण्यांची रास करत. "ह्यो एकेक दाणा म्हंजे तू गोळा केलेली एकेक माहिती. आता सांग, ह्यातला एक बाजूला काढता येतो का, जो बाकीच्यांच्या जिवावर जगतोय?" काढता आला तर पद्धतींची एक वाट, नाही आला तर दुसरी. वाट ठरेपर्यंत कंप्युटरला हात लावायचा नाही आणि ठरली की दाणे खाऊन टाकायचे, हा नियम.

ही सवय कॉलेजच्या फाटकाशी थांबत नसे. एकदा सातारा स्टँडवर, सांगलीची गाडी उशिरा का येते हे त्यांनी चौकशीच्या खिडकीत दाणे मांडून समजावलं. 'उशीर' बाजूला, पाऊस, खड्डे, ड्रायव्हरचा चहा राशीत. समजावून मागे वळले, तर गाडी येऊन गेलीही होती. घरी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, "वांगं करू का दोडका?" म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "थांब, आधी काय कशावर अवलंबून हाय ते ठरवू." काकू म्हणाल्या, "आवं, जेवण माझ्यावर अवलंबून हाय. बसा गप." इतकं चोख उत्तर एकाही विद्यार्थ्यानं दिलं नाही, असं सर वर्गात अभिमानानं सांगत.

मी कवठे महांकाळजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. मला फॅक्टर ॲनालिसिसच करायचं होतं, कारण नाव भारदस्त होतं. विषय मात्र साधा: इस्लामपुरातल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक परत येतं का, आणि कशामुळं.

"मग 'परत आलं का' ह्योच दाणा बाजूला," सर म्हणाले. "आलं न्हाईतर न्हाई आलं, उत्तरं दोनच. लॉजिस्टिक रिग्रेशन लाव. फॅक्टर ॲनालिसिसमधी बाजूला कुणीच नसतो. कोण कुणाच्या जोडीनं हालतंय एवढंच बघायचं. जड नाव बघून औषध घेतोस का रं?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "फॅक्टर ॲनालिसिस का नाही केलं?" पास झालो तरच कबूल झालेली नोकरी मिळणार होती. वडील इस्त्रीची टोपी घालून बाहेर बाकावर बसले होते. आणि मी नुसती प्रकल्पाची पानं उलटत बसलो. शेजारी बसलेल्या सरांना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी मुकाट्यानं खिशातून दाणे काढले, रास केली आणि एक बाजूला ठेवला. परीक्षकांना वाटलं, पाहुणचार. त्यांनी तो बाजूचा दाणा उचलून तोंडात टाकला.

"सर, तुम्ही गिऱ्हाईक खाल्लं!" मी ओरडलो.

"काय?"

मग मी थांबलोच नाही. "परत येणारं गिऱ्हाईक तुमच्या पोटात गेलं. आता राशीत भाव, अंतर, दुकानदाराचं बोलणं एवढंच उरलं. कशामुळं काय होतं, हे विचारायला कुणी राहिलंच नाही. आता फॅक्टर ॲनालिसिस करता येईल! मघाशी येत नव्हतं!"

परीक्षकांनी थोडा वेळ चघळणं थांबवलं. मग राशीतला एक दाणा उचलून गुपचूप बाजूला ठेवला. "हे घ्या, आलं परत," म्हणाले. मी पास झालो.

आता काकू नाहीत. सर साताऱ्याला मुलीकडे असतात. मागच्या महिन्यात, पाचच्या गाडीनं परत निघायचं ठरवून भेटायला गेलो, तर दात गेलेले, पण खिसा भरलेला. त्यांनी एक दाणा बाजूला ठेवला. "ह्यो म्हंजे माझा दिस बरा जाणं." मग राशीतले दाखवले: गुडघा, चहा, पेपर. शेवटचा एक तसाच राहिला.

"आन् हा, सर?"

"त्यो तू. पर तू कवातरी येतोस. एवढ्याशा माहितीवर काय सिद्ध करता येत न्हाई गड्या." मग रास माझ्याकडे सरकवली. "ठरलं. खा आता. मला चावत न्हाईत."

मी सावकाश, एकेक करून खाल्ले. बाजूचा तेवढा ठेवला. पाचची गाडी गेली.