चांगुणाबाई समाधानी आहेत

चांगुणाबाईंचा फोन शिवीनं सुरू व्हायचा. ‘हॅलो’ नाही, ‘कोण बोलतंय’ नाही. रिसीव्हर कानाला लावला की थेट, “मुडद्या, तुझी मंगल अजून आयली नाय. मी काय बोंबील हाय, वलांडीवर टांगून ठेवलाय मना सुकायला?” ऑफिसात नवीन कुणी फोन उचलला तर तो घाबरून माझ्याकडे द्यायचा. मग मी म्हणायचो, “मावशी, पाठवतो.” त्यावर त्या म्हणायच्या, “पाठव. आनि तू जेवलास काय?” हे सगळं एका दमात. शिवी आणि चौकशी यांच्यामध्ये त्या श्वासही घेत नसत.

पनवेलमध्ये आमची संस्था आहे. अपंग माणसांच्या घरी आम्ही मदतनीस पाठवतो. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, कूस बदलून देणं, खुर्चीत बसवणं, अशी कामं. चांगुणाबाईंकडे मंगल जायची. मी तिथं समन्वयक आहे. कुणाकडे कोण, किती वाजता आणि आठवड्यातून कितीदा जाणार, ते मी ठरवतो. ‘ठरवतो’ हा शब्द नीट वाचा, कारण पुढे मी तो मशीनच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला.

चांगुणाबाई मूळच्या करंज्याच्या. पनवेलच्या बाजारात मासळी विकायच्या. बंदरावर पाटी उतरवताना शेवाळावरून घसरल्या, खाली होडीच्या काठावर पाठ आपटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून भाच्याकडे उरण नाक्याच्या मागे एका खोलीत असत. भाचा बंदरात पाळीनं कामाला. पहिल्यांदा गेलो तेव्हा खोलीत सुक्या मासळीचा वास कोंडला होता. मी नकळत रुमाल नाकाला लावला. “रुमाल खाली ठेव,” त्या म्हणाल्या. “वास धंद्याचा हाय, रोगाचा नाय. रोगाचा आयला का मीच सांगन तुना.” मी ओशाळून रुमाल खिशात घातला. त्यांनी भाच्याला सांगून मला चहा दिला, आणि तो मी पूर्ण संपवला की नाही ते वाकून बघितलं.

एकदा मुंबईहून देणगीदार मंडळी आली होती. चांगुणाबाईंच्या खुर्चीचं एक चाक अडकायचं, पंखा आचके द्यायचा. मला वाटलं, आता या बाई सगळं बाहेर काढणार आणि नवी खुर्ची पदरात पाडून घेणार. पण त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि असल्या गोड आवाजात बोलल्या की मी बघतच राहिलो. “सगला बरा हाय बाय. लय चांगली मानसा हायत ही. काय बी कमी नाय.” पाहुण्यांनी फोटो काढले, डोळे टिपले आणि गेले. गाडी वळायच्या आत बाईंनी माझ्याकडे तोंड फिरवलं. “चाक कवा दुरुस्त करनार हायस, भिकारड्या?”

“मावशी, त्यांना का नाही सांगितलंत? नवीन खुर्ची दिली असती.”

“परक्याम्होरं रडाचा नाय, आपल्याला सोडाचा नाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या आईनं शिकवलाय. मना जवा तुझ्याशी गोड बोलाचा लागंल ना, तवा समज, तू गेलास माझ्या हिशेबातनं.”

हे मला ठाऊक होतं. हे सगळं मला नीट ठाऊक होतं.

पुढे संस्थेत नवी यंत्रणा आली. आमच्या साहेबांनी तिची ओळख करून दिली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मदतनिसांचे रस्ते ती आखायची. ओवे गावाची बाई उगाच नाक्यावर आणि नाक्याची ओव्याला, हा घोळ थांबला. मदतनीस फोनमध्ये बोलायच्या आणि अहवाल आपोआप तयार व्हायचा. हे खोटं नाही, कामाचं होतं. पण त्याबरोबर ऑफिसचा फोनही यंत्रणेकडे गेला. रोज सकाळी एक गोड बायकी आवाज प्रत्येकाला विचारायचा, “नमस्कार, आज आपली तब्येत कशी आहे?” उत्तर ऐकून ती सार लिहायची आणि फेऱ्या वाढवायच्या की कमी करायच्या ते सुचवायची. ‘मंजूर’वर बोट मी ठेवायचं.

आता खरं सांगतो. मला चांगुणाबाईंचा आवाज नको झाला होता. रोज सकाळी शिव्या खाऊन, मंगल कुठे अडकली ते शोधून, वर ‘जेवलास काय’चं उत्तर द्यायचं, याचा मला कंटाळा आला होता. माझा स्वतःचा नंबर मी त्यांना कधीच दिला नव्हता. फोन यंत्रणेकडे गेला आणि माझं टेबल शांत झालं. त्या शांततेत मी चहा पीत बसायचो. त्याची आज किळस येते.

थोड्याच दिवसांत पडद्यावर आलं, ‘चांगुणाबाई समाधानी आहेत. तातडीची गरज नाही. रोजची फेरी एक दिवसाआड करता येईल.’ मी त्यांच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज त्यांचाच होता. “बरा हाय बाय. काय बी तरास नाय. तू जेवलीस ना?” मऊ, पदर सावरून बोललेला आवाज. मी ते दोनदा ऐकलं. मला कळलं होतं. कळल्यावर माणूस उठतो, रिक्षा करतो आणि नाक्यापर्यंत जातो. मी ‘मंजूर’वर बोट ठेवलं.

मंगलनं नंतर मला जिन्यात गाठलं. “सर, मावशींच्या कमरेखाली लाल झालंय. मी नसते त्या दिवशी त्या दिवसभर पाठीवर पडून असतात. भाचा तरी काय करणार, तो पाळीला जातो. रोज जाऊ दे ना मला.”

“रिपोर्टमध्ये बोललीस का?”

“बोलले. त्यात ‘किंचित लालसर’ असं आलं.”

“मग बघेल सिस्टीम.”

“सिस्टीम कसं बघणार सर? तिला कुठे पाठ आहे?”

मी हसलो. तिनं चांगला विनोद केल्यासारखा हसलो आणि जिना उतरलो.

महिनाअखेरच्या बैठकीत साहेबांनी चांगुणाबाईंचंच उदाहरण दिलं. आधी संस्थेच्या जुन्या फोनवर रेकॉर्ड झालेली त्यांची शिवी ऐकवली. सगळे हसले. मग तो मऊ आवाज लावला. “सतत तक्रार करणारी बाई, आणि आता ऐका! याला म्हणतात सेवा.” साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बैठकीनंतर बटाटेवडे होते, तेही खाल्ले.

त्याच आठवड्यात मंगलनं मला ओढतच नाक्यामागच्या खोलीत नेलं. दारातच वास आला. सुक्या मासळीचा नव्हता. चांगुणाबाईंना तापानं धड बोलता येत नव्हतं. मंगलनं त्यांना कुशीवर केलं, आणि मी जे बघितलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, माझी मूठ आत बसली असती. मी बाहेर जाऊन गटाराशी ओकलो. मंगलनं मात्र ओठ घट्ट मिटून ते धुतलं, झाकलं आणि गाडी बोलावली.

इस्पितळात ताप जरा उतरल्यावर मी त्यांच्या उशाशी बसलो. विचारलं, “मावशी, त्या फोनवर का नाही सांगितलंत?”

“कोनाला? त्या बायला? कुनाची कोन ती! गोड बोलायची बिचारी. तिला काय माझा बोचा सांगू?”

“ती बाई नव्हती मावशी. मशीन होतं.”

 त्या खोकत खोकत हसल्या. “मशीन? मंग तर आजूनच परकी! मी मेली तिला रोज इचारते, जेवलीस काय.” हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “मना वाटला तू सोडून गेलास नोकरी. नायतर एकदा तरी आयला असतास.”

तेव्हा मी सांगितलं. फेरी मशीननं नाही, मी कापली. तुमचा तो आवाज ऐकून, ओळखून कापली. सांगताना मला रडू आलं. बाई रडू देतील असं वाटलं होतं.

“गप,” त्या म्हणाल्या. “पानीसुदीक घानेरडा हाय तुझ्या डोल्यांतला. आजून किती जनांची फेरी कापलीस?”

“बऱ्याच जणांची.”

“जा त्यांच्याकडं. हिथं माझ्याजवल बसून काय करतोस?”

मी गेलो नाही. साहेबांना काय सांगू, यादी कशी काढू, रोजच्या कामातून वेळ कसा काढू, असे विचार करत राहिलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, “गेलास?” मी म्हणालो, “गेलो.” मरायला टेकलेल्या बाईशी मी खोटं बोललो, आणि तेही सहज जमलं.

“काय बोल्ली मानसा?”

“बरं आहे म्हणाली.”

“म्हंजे दारातनंच परत आयलास,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी दारापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो.

जखमेचं विष रक्तात भिनलं आणि चांगुणाबाई गेल्या. भाच्यानं त्यांना करंज्याला नेलं. मी गेलो होतो. बायका मोठ्यानं रडत होत्या, मला कुणी ओळखत नव्हतं, आणि ते बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी यंत्रणेचा फोन नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत गेला. भाचा म्हणाला, “आत्या नाय आता.” पडद्यावर सार आलं, ‘लाभार्थी सध्या घरी नाहीत. पुन्हा संपर्क करावा.’ मी साहेबांना ते दाखवलं. साहेब म्हणाले, “अरेरे. डेटा अपडेट करून टाका.” त्यांच्याशी भांडावं असं वाटलं, पण त्यांच्या तोंडून माझाच आवाज आल्यासारखं वाटलं. ‘बघेल सिस्टीम’ म्हणणारा.

त्या दुपारी मी कुणाला न विचारता ओव्याला गेलो. तिथं आमचे एक लाभार्थी राहतात, निवृत्त कारकून पाटीलकाका. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांचीही फेरी मी कमी केली होती. काकूंनी दार उघडलं. काका आतूनच हसून म्हणाले, “या साहेब, या! अहो, सगळं उत्तम चाललंय. तुमची ती मुलगी रोज फोन करते, फार गोड बोलते हो.”

मी दारात उभा होतो. दोन शब्द बोलून, नमस्कार करून निघता आलं असतं. काकूंनी चहाचं विचारलंही.

“काका, जरा पाठ बघू द्या.”

त्यांचं हसू विरलं. काकूंनी मान खाली घातली. काका चादर धड हातानं वर ओढत म्हणाले, “कशाला उगाच? घाण वाटेल तुम्हाला.”

“वाटू दे,” मी म्हणालो, आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला.